पेल्याच्या तळाचं औषध

माझे यजमान, ज्यांना मी आयुष्यभर नुसतं 'हे' म्हणत आले, ते गेले त्याला आता दीड वर्ष होईल. काय झालं होतं, असं कुणी विचारलं की मी 'रक्ताचा आजार' एवढंच सांगते. ते खरंच आहे. पण शेवटची तीन वर्षं आमच्या घरात रक्ताइतकीच लोहाची चर्चा होती, हे सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला वाटतं, लोह कमी पडलं असेल, पालक खायला हवा होता. म्हणून मी सांगत नाही. इथे लिहिते.

आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. हे गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. पस्तीस वर्षं. लग्नपत्रिका, अहवाल, औषधांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. घरी बोलणं कमीच. आमची एकच मुलगी, ती लग्न होऊन बंगळुरूला असते, रविवारी फोन करते.

दुखणं सुरू झालं ते जिन्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर हे थांबायला लागले. मी म्हटलं, वय झालं. मग एकदा तिथेच बसले. हिमोग्लोबिन सहाच्या खाली निघालं. परळच्या हॉस्पिटलात कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, "काकांच्या हाडात रक्त नीट तयार होत नाहीये. आता बाहेरून देत राहावं लागेल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"देत राहावं लागेल," त्या पुन्हा म्हणाल्या.

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी रडेन. तसं झालं नाही. बाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, "भाजी काय घेऊया?" आणि आम्ही फरसबी घेतली.

मग दर तीन आठवड्यांनी रक्त. सकाळी आठला जायचं, नमुना द्यायचा, पिशवी जुळून येईपर्यंत थांबायचं, मग खुर्चीत बसून चार-पाच तास. हे पेपर वाचायचे, मी शेजारी स्टुलावर. घरी आले की पाच-सहा दिवस ह्यांच्या चेहऱ्यावर तजेला असायचा. नंतर तो उतरायचा. वर्षभरात माझ्या लक्षात आलं की उतरल्यावरचा रंग पूर्वीसारखा फिका राहिला नव्हता. काळपट, राखाडी होत चालला होता. चाळीतले लोक विचारायचे, "काका, गावाला जाऊन आलात काय? उन्हात फिरलात वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी अंगात साठलेलं लोह मोजणारी फेरिटिन नावाची तपासणी केली आणि आकडा बघून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह अंगात जातं. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं. रक्त तर थांबवता येणार नाही. लोह बाहेर काढायच्या गोळ्या सुरू करू."

सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची, यकृताची, लघवीची तपासणी झाली. डोळे तपासले, कान तपासले. कानांसाठी ह्यांना काचेच्या खोलीत बसवून हातात एक बटण दिलं होतं. आवाज आला की दाबायचं. हे डोळे मिटून इतके एकाग्र झाले होते की तपासणी संपल्यावरही बटण सोडेनात.

गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. ह्यांना नाही, मला, कारण वही माझ्या हातात होती. गोळी गिळायची नाही, चावायची नाही. पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात विरघळवायची, दुधात नाही, सोड्यात नाही. रोज एकाच वेळी, रिकाम्या पोटी, त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही. पेल्याच्या तळाशी गाळ राहतो, त्यात थोडं पाणी घालून तेही प्यायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. अंगदुखीच्या गोळ्या, पोटातल्या जळजळीची औषधं मनाने घ्यायची नाहीत.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "उलट्या, जुलाब, ताप, काहीही झालं की गोळी बंद आणि मला फोन. अंगातलं पाणी कमी झालं की ही गोळी मूत्रपिंडाला त्रास देते."

मी घरी येऊन हे सगळं कोऱ्या कागदावर फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

गोळ्या आमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नव्हत्या. हॉस्पिटलसमोरच्या दुकानदाराने मागवून दिल्या. तो प्रत्येक वेळी ताजी चिठ्ठी मागायचा आणि विचारायचा, "क्रिएटिनिन, मूत्रपिंडाची तपासणी, कधी केलंत?" रिपोर्ट दाखवल्याशिवाय डबा पुढे करायचा नाही. मला त्याचा राग यायचा. त्या अख्ख्या प्रकरणात आपलं काम चोख करणारा तो एकच माणूस होता, हे मला आता कळतं.

सकाळी सहाला मी काचेच्या पेल्यात गोळ्या टाकायचे, चमच्याने ढवळत राहायचे. पांढुरकं, खडूच्या पाण्यासारखं व्हायचं. पेला ह्यांच्यासमोर ठेवला की पिशवी घेऊन दूध आणायला जायचे, येताना जरा पाय मोकळे करून यायचे. परत येईपर्यंत पेला धुऊन उपडा घातलेला असायचा.

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी एक बशी विसळली नव्हती. तीस वर्षं मी पोरांच्या लबाड्या पकडत आले. तरी मला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं की आजारपणात तरी माणूस घरातलं काही करू लागला.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासलं, मग दर महिन्याला. मूत्रपिंड उत्तम, यकृत उत्तम. उत्तमच येणार होतं. फेरिटिन मात्र वाढतच गेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रोज जाते ना पोटात?"

"मी स्वतः देते," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मान वर केली.

डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, आणि पुन्हा वाढवला.

एका सकाळी मी खाली उतरले आणि पैशाचं पाकीट विसरल्याचं लक्षात आलं. परत वर आले. दार लोटलेलं होतं. हे मोरीत पाठमोरे उभे होते, एका हातात पेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मोरीच्या फरशीवर पांढरा ओघळ जाळीकडे चालला होता.

"काय करताय?"

"पेला धुतोय."

"प्यायलात?"

ह्यांनी पेला धुऊन उपडा ठेवला, हात पुसले, आणि ट्रंकेवरच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून घडी घातलेला एक पातळ कागद काढला. गोळ्यांच्या डब्यात येतो तो. मी असे कागद डब्याबरोबर फेकून देत असे. ह्यांनी पहिल्याच डब्यातला ठेवून घेतला होता. त्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, समासात, प्रुफावर करतात तशा.

"हे वाचलंस तू?" हे म्हणाले. "मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. यकृत निकामी होऊ शकतं. पोटात रक्तस्राव. मृत्यू. मी नाही म्हणत, छापलंय."

"मग डॉक्टरांना का नाही विचारलंत?"

"विचारून काय होणार? त्या म्हणणार घ्या. आणि तू त्यांच्या बाजूची."

"कधीपासून ओतताय?"

"पहिले आठ-दहा दिवस घेतली. मग हे वाचलं."

म्हणजे सात महिने. मी पाकीट घेतलं. दाराशी गेले तेव्हा मागून हे हळूच म्हणाले, "माका भिया वाटता गो."

मालवणी हे फक्त गावी गेल्यावर बोलायचे, किंवा त्यांची आई होती तेव्हा तिच्याशी. माझ्याशी कधी नाही. ते ऐकून मी मागे वळायला हवं होतं. मी खाली गेले, दूध आणलं, चहा केला आणि म्हटलं, "उद्यापासून माझ्यासमोर प्यायची."

डॉक्टरीणबाईंना मी काही सांगितलं नाही. चारचौघांत 'मी स्वतः देते' म्हटलं होतं. आता काय तोंडाने सांगणार? मला वाटलं, आता नियमित सुरू झालीच आहे, फेरिटिन उतरेल, कुणाला काही कळायचं कारण नाही. एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला होता तो रोज गोळी घेणाऱ्या माणसासाठी. ह्यांच्या शरीराने ती गोळी जवळजवळ पाहिलीच नव्हती, आणि मी आता एका दिवसात तो सगळा वाढीव डोस सुरू केला.

तीन आठवडे मी ह्यांच्यासमोर उभी राहून पाजली. गाळात पाणी घालून पुन्हा दिलं, ढवळून पुन्हा दिलं. हे भिंतीकडे बघत प्यायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. आम्ही त्या तीन आठवड्यांत गरजेपुरतं बोललो. मला राग आला होता असंही नाही. राग यावा म्हणून मी वाट पाहिली, पण आत हात घातला तर काही लागतच नव्हतं.

गणपती आले. लालबागला ते दहा-अकरा दिवस म्हणजे आपल्याच घरातून बाहेर पडायला वाट मागावी लागते. खाली रांगा, बांबूंचे अडसर, दिवसभर भोंगे. त्यातच ह्यांना जुलाब सुरू झाले. कुणाकडच्या प्रसादाने की पाण्याने, माहीत नाही. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. कागद समोर होता, माझ्याच अक्षरात: जुलाब झाल्यास गोळी बंद, फोन करणे. मी तो वाचला. वाचून गोळ्या काढल्या आणि पेल्यात टाकल्या.

का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक दिवस सूट दिली तर हे पुन्हा कधीच घेणार नाहीत, असं मला वाटलं. निदान तसं वाटलं असं मला आठवतं.

हे म्हणाले, "आज नको. पोट बरं नाही."

मी म्हटलं, "निमित्त नको."

प्यायले. तिसऱ्या दिवशीही प्यायले. त्या दुपारी हे उठेनात. हाक मारली की डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. सकाळपासून लघवीला गेले नाहीत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी ह्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि रांगेतून वाट काढत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. लोक बाजूला होत होते, कुणी हात जोडत होते. मी मागून फाइल छातीशी धरून चालत होते. टॅक्सी मिळाली.

क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलं होतं. सलाइन लावलं, नळी घातली. डॉक्टरीणबाई सुट्टी असूनही आल्या. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी फाइल उलटसुलट चाळली. "मला कळत नाहीये. इतके महिने रिपोर्ट साफ, आणि एकदम असं कसं? घरी काही वेगळं झालं का?"

हे जागे होते. माझ्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते. मी सांगितलं. मोरी, सात महिने, तीन आठवडे, जुलाब, सगळं. शाळेत तपासनीसांपुढे वर्गाची माहिती द्यायचे तशा आवाजात.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काकू, हे मला आधी कळलं असतं तर मी डोस वाढवलाच नसता," त्या म्हणाल्या. "उलट अगदी कमीपासून सुरू केला असता. आणि जुलाबात तर..." त्यांनी फाइल मिटली.

त्या गेल्यावर बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "वाचलं होतं मी."

त्यात टोमणा नव्हता. पानावरची चूक दाखवावी तसं म्हणाले.

दहा दिवसांनी घरी सोडलं. गोळी पूर्ण बंद. मूत्रपिंड सावरायला महिना-दीड महिना गेला, पण सावरलं. त्या काळात रक्त चालूच होतं, म्हणजे लोहही वाढत होतं. एका सकाळी रक्त चढत असताना डॉक्टरीणबाई स्टूल ओढून ह्यांच्याजवळ बसल्या. "काका, तो कागद आणलाय का?"

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढला. त्यांनी प्रत्येक पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "याची भीती वाटते?" आणि उत्तर दिलं. हे क्वचित होतं. हे आधीच मूत्रपिंड खराब असलेल्यांत होतं, म्हणून तर आम्ही सारखं तपासतो. काळी शी झाली तर लगेच यायचं. एका खुणेपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तुमच्या बाबतीत झालं. खरं आहे. ते पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते आपण तिघांनी ठरवू." मग म्हणाल्या, "आणि न घेतल्याने हृदयात काय होतं, ते या कागदावर छापलेलं नाही. ते मी सांगते." तेही त्यांनी सांगितलं, काही न लपवता. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "कमीपासून सुरू करणार?"

"कमीपासून. आणि नको वाटलं तर ओतायचं नाही, मला सांगायचं."

"सांगेन."

या वेळी दुसऱ्या प्रकारची गोळी दिली, सरळ पाण्याबरोबर गिळायची, हलक्या न्याहारीबरोबरही चालणारी. दुकानदाराने डबा देताना माझ्याकडून वदवून घेतलं की जुन्या गोळ्या घरात ठेवणार नाही. औषध तेच असलं तरी दोन्हींच्या मिलिग्रॅमचे आकडे जुळत नाहीत, एकीच्या जागी तितकीच दुसरी घेतली तर डोस चुकतो, असं तो म्हणाला. उरलेल्या मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नेऊन दिल्या.

आता गोळी हे स्वतः घ्यायचे. मी त्या वेळी खोलीत थांबत नसे, गॅलरीत उभी राहायचे. ह्यांनी माझा कपाटातला कागद काढून स्वतःच्या अक्षरात नवा लिहिला. त्यात माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या होत्या. हिवाळ्यात एकदा थोडा ताप आला, तर मी काही बोलायच्या आत ह्यांनी गोळी बाजूला ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तीन दिवस थांबवली, मग त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केली. फेरिटिन हळूहळू उतरायला लागलं. फार नाही, पण प्रत्येक रिपोर्टात आधीपेक्षा खाली.

एकदा दुपारी मी गवार मोडत बसले होते. हे अचानक म्हणाले, "तू त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

कशाचं ते मी विचारलं नाही. म्हटलं, "मला काही वाटतच नाही हो."

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले.

मी गवार मोडत राहिले. ह्यांनी माझ्या समोर येऊन एक मूठ उचलली आणि शिरा काढायला लागले. नीट काढता येत नव्हत्या.

पुढचे चौदा महिने असेच गेले. मग रक्ताची गरज तीन आठवड्यांवरून दोनावर आली, दोनावरून एकावर. पुन्हा मगज तपासला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं, तेव्हा दार त्यांनी स्वतः लावून घेतलं. आजार पुढे सरकला होता. काय देता येईल, त्याने काय होईल, काय होणार नाही, हे त्यांनी सांगितलं. शेवटी चिठ्ठी लिहिताना म्हणाल्या, "लोहाची गोळी आता बंद करू."

क्षणभर मला ती चांगली बातमी वाटली. मी म्हटलंसुद्धा, "म्हणजे उतरलं का पुरेसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तसं नाही काकू. लोह हा पुढच्या काही वर्षांचा प्रश्न असतो."

ह्यांना ते माझ्याआधी कळलं. मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. मग उगाच कशाला?" आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

आम्ही टॅक्सीने घरी निघालो. परळच्या नाक्यावर पोलिसाने बराच वेळ थांबवून धरलं. ह्यांचा हात सीटवर माझ्या हाताशेजारी होता. मी तो धरला. आम्ही असं कधी करत नसू. कातडी कोरडी होती आणि जरा गार. मी काही वाटायची वाट बघत होते. गाड्या सुटल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही आठ वाजेपर्यंत झोपलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी कांदेपोहे केले. ह्यांनी दोनदा मागून घेतले, वर खोबरं कमी आहे म्हणाले. मी उठून आणखी खवलं.